आंघोळ करताना लचक

हे फौजेतून कायमचे घरी आले त्या दिवशी त्यांची काळी ट्रंक ऑटोवाल्याने उतरवली. ‘हे’ म्हणजे माझे यजमान. मी त्यांना कधी नावाने हाक मारली नाही, म्हणून इथेही नाव लिहीत नाही. सानगडीतल्या आमच्या घरासमोर तेव्हा चार-पाच माणसं उभी होती. सतरा वर्षं नोकरी केलेला, भरल्या छातीचा माणूस आणि स्वतःची ट्रंक दुसऱ्याला उचलायला लावून बाजूला उभा, हे सगळ्यांनी पाहिलं. मीही पाहिलं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. लग्नाला तेव्हा तेरा वर्षं झाली होती, पण सुट्या जोडून पाहिल्या तर आम्ही एकत्र राहिलो असू जेमतेम अडीच वर्षं. त्यामुळे त्यांच्या सवयी मला तुकड्यातुकड्यांत माहीत होत्या. एका सुटीत ते जेवायला पाटावर बसेनात. खिडकीच्या कठड्यावर ताट ठेवून उभ्यानेच जेवायचे. मी विचारलं तर म्हणाले, “सवय झाली. पोस्टवर उभ्यानंच खातो आमी.” बूट घालताना ते पलंगावर आडवे पडायचे आणि पाय वर घ्यायचे. तीही सवयच असेल असं मी धरून चालले. फौजीच्या बायकोला बऱ्याच गोष्टी धरून चालाव्या लागतात.

घरी आल्यावर त्यांनी साकोलीला एका बँकेत गार्डची नोकरी धरली. दिवसभर दारात उभं राहायचं. चार महिन्यांनी सोडली. मॅनेजरशी पटलं नाही, म्हणाले. मग शेती. आमची दोन एकर धानाची बांधी तलावाखाली आहे. रोवण्याच्या दिवसांत बाया सकाळपासून चिखलात वाकून रोपं लावतात. मालकाने निदान रोपांच्या जुड्या तरी फेकायच्या असतात. हे छत्री घेऊन धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे राहायचे. चौकातल्या चहाच्या हॉटेलात कोणीतरी म्हणालं, “फौजी साहेब बनून गेला गा. धुऱ्यावरून रोवणा करते.” ह्यांनीच ते घरी येऊन मला हसत सांगितलं. मीही हसले.

दोन वर्षं अशी गेली. मग थंडीतल्या एका शनिवारी मी सकाळची शाळा करून अकराला घरी आले. घरात कोणी नव्हतं. मागे गोठ्यात पाहिलं तर हे गव्हाणीच्या कडेवर दोन्ही हात टेकून, अर्धे वाकलेले, तसेच थांबले होते. पायाशी बादली कलंडलेली, धोतराचा सोगा ओला. गाय त्यांची बाही चाटत होती.

“काय झालं जी?”

“काई नाई. सरळ होता येऊन नाई राहिलं.”

“कवापासून?”

“बादली उचलाले गेलो तवापासून. तू गेली, त्याच्या थोड्या मागून.”

म्हणजे तीन तास. शेजारचं घर दहा पावलांवर होतं. मी म्हटलं, “हाक काहून नाई मारली?”

“कोनी आलं असतं,” ते म्हणाले.

मी त्यांच्या काखेत खांदा दिला, पण ते हलेनात. डाव्या पायाला स्पर्श कळत नव्हता. शेवटी शेजारच्यांना बोलवावंच लागलं. त्यांनी एका फळीवर आडवं करून ह्यांना उचललं आणि गाडीच्या मागच्या सीटवर ठेवलं. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी नागपूरला एमआरआय करायला पाठवलं. फोटो आला. खालच्या दोन मणक्यांमधली चकती बाहेर सरकली होती आणि पायाकडे जाणारी नस तिच्याखाली दबली होती. “आजचं नाहीये हे,” डॉक्टर म्हणाले. “किती जुनं दुखणं आहे?”

“असंन सात-आठ वर्साचं,” हे म्हणाले.

मी शेजारच्या खुर्चीत बसले होते. माझ्या नवऱ्याचं दुखणं किती जुनं आहे, हे मला आणि त्या अनोळखी डॉक्टरांना एकाच वेळी कळलं.

पंधरा दिवस ते पाठीवर पडून होते. त्यातल्याच एका दिवशी मी ट्रंकेची किल्ली मागितली. त्यांनी दिली. उशीखालीच होती. आत गणवेशाच्या खाली एक खाकी फाइल. निवृत्त होताना फौजेचे डॉक्टर तपासणी करतात, त्या मेडिकल बोर्डाचे कागद त्यात होते. कागद इंग्रजीत, अक्षर गिचमिड. मी एकेक शब्द लावत वाचलं. कमरेच्या मणक्याचा आजार आहे, हे बोर्डाने मान्य केलं होतं. पुढे दोन प्रश्न छापलेले होते. आजार नोकरीमुळे झाला का? नाही. नोकरीमुळे वाढला का? नाही. आणि खाली कारण. त्याचं मराठी मी मनातल्या मनात असं केलं: आंघोळ करताना वाकला असता कमरेत लचक. ड्यूटीवर नसताना.

अपंगत्वाची पेन्शन याच एका ओळीवर नाकारली होती. नोकरीची साधी पेन्शन मिळत होती, म्हणून मी कधी काही विचारलंच नव्हतं.

“हे खरं होय का?” मी विचारलं.

“लिवलं हाय ना.”

“काय लिवलं ते नाई विचारून राहिली मी.”

त्यांनी छताकडे पाहिलं. छतावर पाहण्यासारखं काही नव्हतं.

उठून बसता यायला लागल्यावर मी त्यांना भंडाऱ्याला माजी सैनिकांच्या कार्यालयात नेलं. यायला ते तयार नव्हते. मी रजा टाकली आहे, ती वाया जाईल, असं म्हटल्यावर निघाले. तिथे टेबलामागे एक निवृत्त सुभेदार बसत. डोक्यावरचे केस पांढरे, पण अजून फौजी कटिंग. त्यांनी फाइल चाळली आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

“जवानाला ड्यूटीवर मार लागला की दुखापतीचा अहवाल बनतो. वरचे अधिकारी सही करतात. तुमचा कुठं आहे?”

“नाही साहेब.”

“कोणी पाहिलं होतं?”

ह्यांनी फाइल परत घ्यायला हात पुढे केला.

“मी अठ्ठावीस वर्षं काढली फौजेत,” सुभेदार म्हणाले. “आंघोळ करताना लचकलेली कंबर कशी असते आणि वजनाखाली दबलेली कशी असते, मला दिसतं. पण मला दिसून काय उपयोग? कागद काय म्हणतो ते पाहतात.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “मॅडम, अपिलाची मुदत कधीच संपली. उशीर माफ करून घेता येतो. पण हे तोंड उघडतील तेव्हा.”

परतीच्या एसटीत आम्हाला पुढची सीट मिळाली. लाखनी गेल्यावर हे बोलायला लागले. रस्त्याकडे पाहत बोलत होते, त्यामुळे मीही रस्त्याकडेच पाहत ऐकलं.

खूप उंचावरची, बर्फातली चौकी होती. जानेवारी. खालच्या चौकीवरून वरच्या चौकीवर जनरेटर न्यायचा होता. दोन दांडक्यांना बांधून चार जण चढ चढत होते. चढावर मागच्या दोघांवर वजन जास्त येतं. मागे हे होते, आणि यांच्या शेजारी एक ज्युनिअर शिपाई, आपल्याच जिल्ह्यातला, तुमसरकडच्या बपेऱ्याचा. अर्ध्या वाटेवर त्याचा पाय घसरला आणि दांडकं हातातून सुटलं. मागचं सगळं वजन ह्यांच्या एकट्यावर आलं. सोडून दिलं असतं तर जनरेटर खाली गडगडला असता, आणि खालून दोन जवान रॉकेलचे कॅन घेऊन येत होते. ह्यांनी गुडघे वाकवून तो पाठीवर झेलला आणि पुढचे दोघं वळून येईपर्यंत धरून ठेवला. “कट्टकन आवाज आला,” ते म्हणाले. “मले वाटलं दांडकंच मोडलं.”

“मग हेच काहून नाई सांगतलं?”

“तो पिऊन होता.”

थंडीत रम मिळते, पण ती संध्याकाळी आणि मोजून. याने दिवसा घेतली होती, कामावर. त्याच्या नावावर आधीच शिक्षेच्या तीन नोंदी होत्या. फौजेत त्या लाल शाईने लिहितात. चौथी पडली की माणसाला घरी पाठवतात, पेन्शनशिवाय. दुखापतीचा अहवाल बनला असता तर चौकशी झाली असती आणि चौकशीत दारू निघाली असती. त्याचे वडील आधीच्याच पावसाळ्यात वारले होते, घरी दोन बहिणी लग्नाच्या होत्या. हे दोन दिवस बरॅकमध्ये पडून राहिले. तिसऱ्या दिवशी डॉक्टरकडे नेलं तेव्हा डॉक्टरने विचारलं, कसं झालं. “जे तोंडात आलं ते सांगतलं,” हे म्हणाले. “आंघोळ करून राहिलो होतो म्हनलं.”

“मले तरी सांगाले पायजे होतं.”

“तुले सांगून काय? तुलेई मंग खोटं बोलाव लागलं असतं.”

राग होता, पण त्या शिपायावर नव्हता. साकोली येईपर्यंत मी सुट्यांचा हिशोब लावत होते. त्या जानेवारीनंतरच्या उन्हाळ्यात हे घरी आले होते, आणि मी त्यांना धानाची पोती माळ्यावर चढवायला लावली होती. नऊ पोती. त्यांनी चढवली होती. नंतर दोन दिवस ताप आला म्हणून झोपून होते.

एसटीतून उतरल्यावर मी म्हटलं, “बपेऱ्याले जाऊ.”

“नाई.”

“साक्ष त्याचीच लागन.”

“त्याच्याकडून लिवून घेनं म्हंजे तो दारू पिऊन होता असं लिवून घेनं. सात वर्सं झाले. आता कायले?”

महिनाभर हाच विषय चालला. शेवटी मी म्हटलं, तुम्ही येऊ नका, मी एकटी जाते. तेव्हा ते निघाले.

बपेरा मध्य प्रदेशच्या हद्दीजवळ आहे. तुमसरहून पुढची गाडी मिळेपर्यंत दुपार झाली. ह्यांनी कमरेला पट्टा बांधला होता आणि मी पाठीशी ठेवायला उशी घेतली होती. स्टँडवरून ऑटो केला, ऑटोवाल्याला घर माहीत होतं. तो माणूस अंगणात खाटेची दोरी ताणत होता. आम्हाला पाहून उठला, “उस्ताद!” म्हणाला आणि सावधान उभा राहिला. मग हे ऑटोचा दांडा धरून, एक पाय आधी खाली, मग दुसरा, असे उतरले. ते उतरेपर्यंत तो पाहत होता. सलामासाठी उचललेला त्याचा हात अर्ध्यावरच राहिला.

“उस्ताद, हे अजून तेच?”

“तेच,” हे म्हणाले.

त्याला माहीत नव्हतं. त्या हिवाळ्यानंतर त्याची बदली झाली होती. कंबर आठ दिवसांत बरी झाली असं त्याने कोणाकडून तरी ऐकलं होतं. त्याला चौथी नोंद कधी पडली नाही. बहिणींची लग्नं झाली. नोकरीची मुदत पुरी करून पेन्शन घेऊन तो घरी आला होता. दारू सोडून पाच वर्षं झाली, असं त्याची बायको चहा देताना सहज म्हणाली. तिला त्या दिवसाचं काही माहीत नव्हतं हे तिच्या बोलण्यावरून कळत होतं.

काय हवं आहे ते मी सांगितलं. हे तर अंगणातल्या कोंबड्यांकडे पाहत बसले होते. मी सांगत होते तेव्हा त्याची बायको दारात उभी राहून ऐकत होती. माझं संपल्यावर तीच आधी बोलली.

“लिवून देल्लं आन् याईचं पेन्शन बंद झालं त?”

मला उत्तर माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं.

“मले थोडे दिवस द्या, भाभीजी,” तो म्हणाला. त्याचा आवाज इतका खाली गेला होता की मला पुढे वाकून ऐकावं लागलं.

परत येताना हे म्हणाले, “झालं तुझ्या मनासारखं?” तुमसरच्या स्टँडवर त्यांना बसवेना, म्हणून पाऊण तास आम्ही दोघं उभेच होतो.

तीन महिन्यांनी, परीक्षेचे पेपर तपासत मी ओसरीत बसले होते, तेव्हा तो आला. एकटा. खांद्याला पिशवी. पाणी प्यायच्या आधी त्याने पिशवीतून कागद काढून ह्यांच्या हातात दिला. स्टँप पेपरवर केलेलं शपथपत्र होतं. ह्यांनी वाचलं आणि माझ्याकडे दिलं. त्यात सगळं होतं. तारीख, जनरेटर, चढ, दांडकं. आणि ‘मी त्या वेळी दारूच्या नशेत होतो’ हेही होतं.

“हे नाई चालन,” हे म्हणाले. “दुसरं बनव. पाय घसरला येवढंच लिव.”

“उस्ताद, तुमी एक डाव माझ्यासाठी खोटं लिवलं. आता मले खरं लिवू द्या.”

“तुझं पेन्शन गेलं त?”

“गेलं त गेलं.”

“तुह्या बायकोले विचारलं का?”

त्याने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. मग म्हणाला, “ते माहेरी गेली हाय. मी आलो हे तिले माहीत नाई.”

तेव्हा मी मध्ये पडले. मी म्हटलं, पाय घसरला हे काही खोटं नाही. कोणाच्याही पोटावर पाय यायला नको. तेवढंच लिहा. नवीन मसुदा मीच केला, माझ्या अक्षरात, पेपर तपासायच्या लाल पेनने, कारण हाताशी तोच होता. तो रात्री आमच्याकडे थांबला. सकाळी साकोलीला जाऊन नवीन शपथपत्र करून आणलं. पहिलं तो फाडायला निघाला होता. मी काढून घेऊन फाइलमध्ये ठेवलं. अजून आहे.

सुभेदारांनी अपील लिहून दिलं. सोबतचे कागद जोडले, उशिराची माफी मागितली. एक वर्ष उत्तर आलं नाही. मग आलं. एका पानाचं. साक्षीदाराचं म्हणणं इतक्या वर्षांनी आलेलं आहे, अर्जदाराने स्वतः त्या वेळी दिलेल्या माहितीशी जुळत नाही, सबब अपील फेटाळण्यात येत आहे.

ते पत्र घेऊन आम्ही नागपूरला एका वकिलाकडे गेलो. हे वकील फक्त फौजींचेच खटले चालवत. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. एकात आंघोळ, एकात जनरेटर.

“मग आंघोळ का सांगितली?” त्यांनी विचारलं. “तुमच्या साक्षीदाराच्या कागदात ह्याचं उत्तर कुठाय?”

ते उत्तर पहिल्या शपथपत्रात होतं आणि मी ते काढून टाकलं होतं. मी पहिला कागद फाइलमधून काढून त्यांच्यासमोर ठेवला. ह्यांनी तो उचलून परत फाइलमध्ये घातला. वकिलांनी दोघांकडे पाहिलं आणि चष्मा काढला.

“ठीक आहे. मार कसा लागला हे सोडून देऊ,” ते म्हणाले. “लागल्यानंतर तुम्हाला कुठं पाठवलं?”

त्याचं उत्तर हे लगेच देऊ शकले. कंबर दुखते अशी नोंद असताना पुढची सहा वर्षं कुठे कुठे काढली, त्यात दोनदा पुन्हा तशाच उंचीवर, काय काय उचललं. वकील लिहून घेत होते. इतक्या वर्षांत ह्यांना स्वतःच्या नोकरीबद्दल सलग इतका वेळ बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. भिंतीला टेकून, उभ्यानेच.

प्रकरण न्यायाधिकरणाकडे गेलं. तारखा पडत राहिल्या. वकील जायचे, आम्ही फोनवर ऐकायचो. या काळात माझी बदली दिघोरीकडच्या एका शाळेत झाली आणि मी रोज जाऊन-येऊन करू लागले. ह्यांचं घरातलं काम ठरून गेलं होतं: उंचीवर जे आहे ते सगळं त्यांचं, जमिनीवरचं माझं. दूध तापवणं, भाजी चिरणं, इस्त्री त्यांच्याकडे. झाडू, गोठा माझ्याकडे. ऑपरेशन करावं की नाही यावर दोन डॉक्टरांची दोन मतं होती, म्हणून ते राहून गेलं.

दोन वर्षांनी हुकूम आला की नव्याने मेडिकल बोर्ड घ्यावं. लष्करी इस्पितळात सकाळी आठला हजर व्हायचं होतं. मी बाहेर बाकावर बसले. आत काय झालं ते त्यांनी नंतर झाडाखाली डबा खाताना सांगितलं.

बोर्डात तीन डॉक्टर होते. त्यातली एक बाई, मेजर. तिने पाय वर उचलायला लावला, टाचेवर चालायला लावलं, सुई टोचून कुठे कळतं कुठे नाही ते पाहिलं. मग ती खुर्चीवर बसून जुना कागद वाचू लागली. वाचता वाचता थांबली आणि चौकीचं नाव तिने दोनदा वाचलं.

“आप नहा रहे थे? वहाँ? जनवरी में?”

ती स्वतः त्या भागात राहून आली होती. त्या चौकीवर हिवाळ्यात प्यायचं पाणीसुद्धा बर्फ वितळवून करतात. दीड-दोन महिने तिथे कोणी आंघोळ करत नाही. ज्या डॉक्टरने ती ओळ लिहिली त्यालाही हे माहीत असणार. बोर्डाच्या आधीच्या साहेबांनाही कोणाला तरी माहीत असणार. आम्ही चार वर्षं ज्या ओळीशी भांडत होतो, ती ओळ खोटी आहे हे तिथे गेलेल्या कोणालाही वाचताक्षणी कळलं असतं.

“मंग काय सांगतलं तुमी?” मी विचारलं.

“नाही मॅडम म्हनलं. नहा नहीं रहा था.”

“आन् मंग?”

“मंग सगळं सांगतलं.”

“त्याचंई?”

“त्याचंई. नाव नाई सांगतलं. तिनं विचारलंई नाई.” त्यांनी पोळीचा घास घेतला. “मी बोलून राहिलो तवा तिनं पेन टेबलावर ठेवून देल्ला होता.”

निकाल यायला आणखी सात महिने लागले. पाकीट पोस्टमन शाळेच्या वेळेत देऊन गेला. मी संध्याकाळी आले तेव्हा ते दूध तापवत होते आणि पाकीट न फोडता कपाटावर ठेवलेलं होतं. मी फोडलं. पेन्शन मंजूर झाली होती, आयुष्यभरासाठी. पहिल्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यासारखंच होतं: आजार नोकरीमुळे झाला का? नाही. दुसऱ्याचं बदललं होतं: नोकरीमुळे वाढला का? होय. दुखापत कशी झाली, त्या ठिकाणी जुनीच ओळ तशीच टाइप केलेली होती.

मी त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी गॅस बंद केला, पातेल्यावर जाळी ठेवली आणि मग पलंगावर जाऊन आडवे झाले. मला वाटलं कंबर धरली. जवळ गेले तर डोळ्यांतून पाणी कानाकडे वाहत होतं. ते पुसायला त्यांनी हात वर आणला नाही. मी तिथे बसले.

दुसऱ्या दिवशी बपेऱ्याला फोन लावला. ह्यांनी दोन वाक्यं बोलून फोन माझ्या हातात दिला.

“भाभीजी, माझा कागद कामी आला का?” त्याने विचारलं.

हो म्हणणं सोपं होतं. ह्यांनी डोळ्यांनी मला तसं सुचवलंही. पण मी सांगितलं की नाही आला, दुसऱ्या कारणावर झालं.

“म्हंजे मी काईच नाई केलं,” तो म्हणाला.

“तुमी आले ना भाऊ सानगडीले,” मी म्हटलं. “घरी न सांगता आले. ते काई कमी नाई.”

मग तो म्हणाला की बायकोला त्याने सगळं सांगितलं आहे, गेल्याच वर्षी. ती चार दिवस बोलली नाही. मग बोलायला लागली. रोवणं आटोपल्यावर तिला घेऊन येतो, म्हणाला. ते खरंच आले. बायको माझ्याजवळ बसून कांदे चिरत होती आणि बाहेर ते दोघं त्या चौकीवरच्या कुठल्यातरी कुत्र्याबद्दल बोलून हसत होते.

पेन्शनच्या कागदाने कमरेत काही फरक पडला नाही. थंडीत डावा पाय अजून बधिर होतो. मात्र एक बदल मी पाहिला. गेल्या महिन्यात आम्ही भंडाऱ्याला जात होतो, एसटी भरलेली होती. पुढच्या सीटवर कॉलेजातल्या दोन मुली बसल्या होत्या. ह्यांनी दांडा धरला आणि भरल्या गाडीत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात कंडक्टरला म्हणाले, “भाऊ, माही कंबर गेली हाय. गाडीच्या धक्क्यात मले उभं राहता येत नाई. बसाले जागा पाहून द्या.” मुली लगेच उठल्या. हे बसले, खिडकी उघडली आणि मला पाठीमागे ठेवायची उशी मागितली.